अर्थ लागत नाही

मामा ह्यूस्टनला आले त्या रविवारी मी त्यांना विमानतळावरून आमच्या नव्या पिकअपमधून घरी आणलं. पहिल्याच सिग्नलला इंजिन गप्प झालं तसे ते दचकले. मी ऐटीत सांगितलं, ही माइल्ड हायब्रिड आहे. थांबली की इंजिन बंद, ब्रेकवरचा पाय उचलला की परत चालू. मामांनी मान डोलावली आणि विचारलं, “आणि नाही झालं चालू तर?” मी हसलो.

बुधवारी नाही झालं. डावीकडे वळणाऱ्या रांगेत, भर दुपारी, मागे चाळीसएक गाड्या. डॅशबोर्डवर दिवाळी उजाडली : ब्रेकचा दिवा, स्टिअरिंगचा दिवा, एअरबॅगचा दिवा, आणि खाली पिवळ्या अक्षरांत हायब्रिड यंत्रणा तपासून घ्या अशी विनंती. मग तीही विझली. मामा शांतपणे उतरले, मागच्या फळीला दोन्ही हात लावले आणि ओरडले, “न्यूट्रल कर, ढकलतो.” वय वर्षं एकाहत्तर.

“न्यूट्रल करायलाही वीज लागते, मामा,” मी खिडकीतून सांगितलं. गिअर बटणावर आहे आणि बटणाला वीज नाही.

त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला मी अजून नाव देऊ शकलेलो नाही. मामांनी ३३ वर्षं एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. ढकलून चालू होत नाही अशी गाडी त्यांनी पाहिलीच नव्हती.

कंपनीचं नाव इथे घेत नाही. प्रकरण मिटलेलं नाही, आणि मला जे म्हणायचंय ते एका कंपनीपुरतं नाही. मी सिव्हिल इंजिनिअर, सांडपाण्याच्या आणि पावसाळी नाल्यांच्या साइटवर फिरतो, मागे छोटा ट्रेलर ओढतो. पिकअप चैनीची नाही, कामाची आहे. घेतल्याला चौदा महिने झाले होते. पाचव्या महिन्यात एका सकाळी ती उठलीच नाही. डीलरने १२ व्होल्टची बॅटरी बदलली, दोन दिवस गेले. नवव्या महिन्यात रस्त्यात बंद पडली. ४८ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बदलला, सुटा भाग यायला वेळ लागला म्हणून १९ दिवस. आता बुधवारचा हा प्रकार. शुक्रवारी डीलरचा फोन आला : ४८ व्होल्टचा बॅटरी पॅकच बदलावा लागेल.

त्या संध्याकाळी मागच्या अंगणात आमचं पहिलं भांडण झालं. मला वाटलं होतं, मामा जुन्या जमान्याचे, माझ्याच बाजूने बोलतील.

मी : फसलो मी. मला साधा ट्रक घ्यायला हवा होता.

मामा : साधा म्हणजे?

मी : एक बॅटरी, एक अल्टरनेटर, एक सेल्फ. संपलं.

मामा : आणि एसी, मागचा कॅमेरा, गरम होणारी सीट, पंधरा इंची पडदा, हे सगळं कशावर चालवणार? उदबत्तीवर?

मी : जुन्या गाड्या चालवत होत्याच की.

मामा : मी नोकरीला लागलो ७९ साली. काही गाड्यांना तेव्हा डायनामो होता. गाडी उभी राहिली की डायनामो थकायचा, दिवे पिवळे पडायचे. मग अल्टरनेटर आला. तेव्हाही जुने लोक म्हणायचे, आता ह्याच्यातले डायोड कोण बघणार? आम्ही बघितले. आपल्या बसला २४ व्होल्ट का, कधी विचारलंस? सेल्फ दांडगा, वायर लांब. व्होल्ट वाढवले की करंट कमी लागतो आणि वायर तापत नाही. तुमची गाडी त्याच वाटेने पुढे गेलीय, एवढंच.

इथे मला मान्य करायला हवं की मामांचं गणित बरोबर आहे. अशा यंत्रणेत अल्टरनेटरच्या जागी पट्ट्यावर चालणारी एक मोटर असते. इंजिन चालू असताना ती वीज तयार करते, ब्रेक मारला की चाकांच्या वेगातून वीज गोळा करते आणि निघताना तोच पट्टा उलट ओढून इंजिनाला धक्का देते. युरोप-ऑस्ट्रेलियात विकली जाणारी टोयोटा हायलक्स घ्या : तिची मोटर १२ किलोवॉटची आहे. तेवढी शक्ती १२ व्होल्टवर काढायची तर १००० अँपिअर लागतील. ४८ वर २५० पुरतात. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तीच वायर सोळापट कमी तापते. आणि ४८च का, ६० किंवा १०० का नाही? तर ६० व्होल्टच्या वर एकदिश प्रवाह माणसाला धोक्याचा मानतात. मग नारिंगी वायरी, वेगळी कुलपं, वेगळं प्रशिक्षण असा सगळा फौजफाटा लागतो. ४८ त्या रेषेच्या आत बसतं.

मी : गणित बरोबर असेल. पण हे प्रयोग काय पहिल्यांदा झाले का? मी वाचलंय सगळं. नव्वदच्या दशकात ४२ व्होल्टची हवा होती. टोयोटाने २००१ साली क्राउनमध्ये आणलं. जनरल मोटर्सने २००४ साली इथे पिकअपमध्ये आणलं, मागे १२० व्होल्टचे सॉकेट दिले, कंत्राटदार त्यावर ड्रिल चालवायचे. तीन-चार वर्षांत ते बंद झालं. मग २०११ साली पाच जर्मन कंपन्यांनी ४८ची टूम काढली. प्रत्येक वेळी प्रयोगाचा उंदीर कोण? गिऱ्हाईक.

मामा : ड्रिल चालवायचे? (इथे मामा खुर्चीत पुढे सरकले.) ट्रकवर? चांगली कल्पना होती की रे. साइटवर जनरेटर न्यायला नको.

मी : मुद्दा तो नाही, मामा.

मामा : मुद्दा असा की तुझ्या गाडीचं काय बिघडलं ते तुला माहीत नाही, डीलरला माहीत नाही, आणि तू ४८ व्होल्टला शिव्या घालतोयस. पहिल्यांदा बॅटरी बदलली. ती खराब होती हे कुणी मोजलं?

मी : मशिन लावलं असेल.

मामा : मशिनने काय सांगितलं? कागद आहे?

कागद होता. त्यावर कोडची एक ओळ आणि ‘बॅटरी बदलली’ असं वाक्य. दुसऱ्या कागदावर आणखी तीन कोड आणि ‘कन्व्हर्टर बदलला’. मामांनी दोन्ही कागद उलटेपालटे केले, जणू आकडे मागच्या बाजूला छापले असतील.

मामा : एकही व्होल्टेज नाही ह्याच्यावर. आमच्याकडे मार्गस्थ बिघाड झाला की आगारातून कारण लिहून यायचं, आणि कार्यशाळेत गाडी आली की आधी ते कारण खोटं ठरवायचं. त्याशिवाय सुटा भाग मिळायचा नाही. स्टोअरवाला देणारच नाही.

मामी : (आतून) दोघांनाही चहा गार झालेला चालणार असेल तर सांगा.

त्यानंतरचे १६ दिवस डीलरने मला एक इवलीशी हॅचबॅक दिली. तिच्यात माझं सर्व्हेचं सामान मावत नव्हतं आणि ट्रेलर तिला जोडता येत नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. मामांनी हे दिवस यूट्यूबसमोर काढले. इंग्रजी अर्धंमुर्धं कळत होतं, आकृत्या पूर्ण कळत होत्या. त्यांनी वहीत काय काय उतरवून घेतलं ते मी नंतर पाहिलं. गाडीतल्या मॉड्यूलांचं आपसांतलं बोलणं दोन पिळलेल्या तारांवरून चालतं. बॉश कंपनीने ते १९८६ साली जगापुढे मांडलं. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध, म्हणून गाडी बंद असताना दोन तारांत ६० ओहम दिसले पाहिजेत. पायाजवळच्या सॉकेटची सहा नंबरची आणि चौदा नंबरची पिन. शेजारी मामांनी लिहिलं होतं : ‘सोपं आहे. उगाच घाबरवतात.’

गाडी नवा ४८ व्होल्टचा पॅक घालून परत आली. चौथ्या दिवशी एसी फुल, हेडलाइट चालू, मागे ट्रेलर, आणि तोच पिवळा संदेश. पण या खेपेस ती बंद पडली नाही, घरापर्यंत आली. मामा मीटर घेऊन दारातच उभे होते. पुण्याहून येताना मामींनी लोणच्याच्या बरण्या आणल्या होत्या आणि मामांनी मल्टिमीटर. कस्टमला कशाची जास्त शंका आली ते विचारायचं राहून गेलं.

मी : हात लावू नका. वॉरंटी जाईल.

मामा : मोजल्याने वॉरंटी जात नाही. खोलल्याने जाते. मी खोलणार नाही.

खरं तर अमेरिकेतला १९७५चा वॉरंटी कायदा गिऱ्हाइकाला त्याहून बरंच अधिक देतो. बाहेरचा भाग बसवला एवढ्यावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे तिने दाखवावं लागतं. हे मी मामांना सांगितलं, तेव्हा मला कल्पना नव्हती की मी स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड तोलून धरतोय.

मामांनी आधी बोटातली अंगठी काढून मामींकडे दिली. (१२ व्होल्ट काय किंवा ४८ काय, शॉक लागत नाही, पण अंगठीतून शॉर्ट झालं तर सोनं लाल होतं आणि बोट जातं. शिवाय ४८चा चटका १२सारखा विझत नाही, ठिणगी पेटती राहते. ज्यांना घरी बॉनेट उघडायची हौस आहे त्यांनी ही कंसातली दोन वाक्यं पुन्हा वाचावीत.) ४८ व्होल्टच्या खोक्याकडे त्यांनी बोटही नेलं नाही. सॉकेटमध्ये ६०.२ ओहम आले. “बोलणं ठीक आहे ह्यांचं. आता जेवण बघू.”

मामा : कन्व्हर्टरच्या तोंडाशी १४.२ व्होल्ट. छान. आता बॅटरीच्या दोन टोकांत?

मी : १४.०.

मामा : आता एसी लाव. ब्लोअर पूर्ण. हेडलाइट. मागची काच तापव. ट्रेलर जोड, त्याचे दिवे लाव.

मी : १३.३.

मामा : कन्व्हर्टरशी अजून १४.२ आहे. मग ०.९ व्होल्ट मधल्या मध्ये कोण खातंय?

त्यांनी एक काडी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली आणि दुसरी इंजिनाच्या धातूला. शून्याच्या जवळ यायला हवं. ०.८४ आले. एसी, दिवे सगळं बंद केलं : ०.०९. परत चालू : ०.८४.

मामा : अर्थ. बॉडीची अर्थ लागत नाही नीट. रिकामी गाडी मोजली तर काही दिसणार नाही. रिकाम्या एसटीला खंबाटकी कळत नाही रे, भरलेली गाडी घाटात घातली की क्लच बोलतो. डीलरकडे गाडी उभी, दिवे बंद, मशिन लावलं, सगळं हिरवं.

मग हळूहळू सगळं जुळत गेलं. मी तरी ते जुळताना पाहिलं. बॅटरीला १४.२ ऐवजी १३.३ मिळत असतील तर ती कधीच पूर्ण भरत नाही, आणि माझे फेरे दोन-चार मैलांचे. अर्धवट भरलेली बॅटरी टेक्सासच्या उन्हात लवकर मरते. म्हणून पहिला बदल. ज्या मॉड्यूलांची अर्थ त्याच बोल्टवर आहे त्यांना शून्यच ०.८ व्होल्टवर दिसतं, त्यामुळे ती चुकीचं मोजतात, घाबरतात, एकमेकांबद्दल तक्रारी नोंदवतात. अशा तक्रारींचे कोड ‘यू’ अक्षराने सुरू होतात. अर्थ एवढाच की अमक्याचं तमक्याला ऐकू आलं नाही. कन्व्हर्टर या तक्रारींच्या मधोमध उभा, म्हणून दोष त्याच्यावर. त्याचा बळी दिल्यावरही तक्रारी थांबल्या नाहीत, म्हणून पॅकवर.

दुसऱ्या दिवशी आम्ही आकड्यांचा कागद घेऊन डीलरकडे गेलो. काउंटरवरच्या मुलाने तो वाचलाही नाही. पण मागून एक पन्नाशीतला मेकॅनिक आला, दंडावर गोंदण, कानामागे पेन्सिल. मामांनी त्याला मीटर दाखवला आणि चार इंग्रजी शब्दांत सांगितलं : “लोड ऑन. ग्राउंड ड्रॉप. पॉइंट एट फोर.” त्याने शीळ घातली. गाडी आत घेतली, बॅटऱ्या सोडवल्या, पुढच्या चाकामागचा बोल्ट काढला.

त्या एका बोल्टवर तीन कड्या होत्या. दोन कंपनीच्या, तिसरी ट्रेलरच्या वायरिंगची. ती मी गाडी घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात महामार्गालगतच्या एका दुकानात बसवून घेतली होती. दुकानदाराने आपली कडी दोन कड्यांच्या खाली, रंगावरच बसवली होती. रंग खरवडलेला नव्हता. मेकॅनिकने धातू घासून चकचकीत केला, तिसरी कडी वेगळ्या बोल्टवर नेली. पुन्हा मोजलं : ०.०५.

परत येताना मामा गाडीत गात होते. मी गप्प होतो, कारण माझ्या हातात डीलरचा नवा कागद होता. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं : बिघाडाचं कारण, ग्राहकाने बाहेरून बसवलेलं उपकरण. वॉरंटीत बसत नाही.

इथून आमचं दुसरं भांडण सुरू होतं, आणि ते अजून चालू आहे.

मी : बघा, तुमच्या मोजण्याने काय झालं. माझी केस गेली.

मामा : कसली केस? गाडी बरी झाली.

मी : टेक्सासमध्ये कायदा आहे, मामा. पहिल्या २४ महिन्यांत किंवा २४,००० मैलांत वॉरंटीतल्या दोषासाठी गाडी एकूण ३० दिवस दुरुस्तीला पडून राहिली असेल, तर गाडी बदलून मागता येते, नाहीतर पैसे परत. तोडीची दुसरी गाडी दिली असेल तर ते दिवस धरत नाहीत. हॅचबॅक पिकअपच्या तोडीची असते का? माझे ३७ दिवस झालेत!

मामा : पण दोष कंपनीचा नाही. त्या दुकानदाराचा आहे.

मी : एक कडी चुकीची बसली म्हणून सबंध गाडी चौकात मरते, ही रचना कंपनीची आहे. मरताना ती खरं कारण सांगत नाही, भलत्याचंच नाव घेते. ही भाषा कंपनीची आहे. आणि तीनदा गाडी हाताखाली येऊन डीलरने एकदाही ताणाखाली मोजलं नाही. ही पद्धत कंपनीची आहे.

मामा : अर्थ सुटली तर एसटीसुद्धा…

मी : नाही. एसटी बंद पडायची नाही. तुम्हीच सांगायचात. डिझेलचा पंप यांत्रिक, एकदा इंजिन लागलं की वायरी कापून टाकल्या तरी चालायचं. बंद करायला दोरी ओढायची.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. हा मुद्दा त्यांच्याच पोतडीतला होता. मला लहानपणी कऱ्हाडच्या स्टँडवर ती दोरी त्यांनीच दाखवली होती.

मामा : खरं आहे. चालायचं. मागे काळा धूर सोडत चालायचं, आणि स्वारगेटच्या पोरांच्या छातीत तो जायचा, ते पण खरं. धूर कमी करायचा तर डिझेल किती, कधी सोडायचं ते विजेने ठरवावं लागतं. बीएस-४ आलं, बीएस-६ आलं, तेव्हा दोरी गेली. दोरी परत मागायची तर धूरही परत घे.

मी : मी दोरी मागत नाही. मी म्हणतोय, ज्याच्या घरी मामा नाही त्याने काय करायचं?

मामा : मेकॅनिकने मोजायचं.

मी : त्याने का मोजावं? परवा तो मला सांगत होता. त्याला तासाचा पगार नाही. प्रत्येक कामाला कंपनीने मिनिटं ठरवून दिलीत, तेवढ्याच मिनिटांचे पैसे. पॅक बदलायचे पैसे मिळतात. खराब अर्थ शोधण्यात दीड तास गेला आणि शेवटी फक्त बोल्ट घासला, तर हातात जवळजवळ काही नाही. वॉरंटीच्या कामात तर आणखीच काटछाट. परवाची २५ मिनिटं त्याने जेवणाच्या सुट्टीतली दिली.

मामांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचा चेहरा त्या चौकातल्यासारखाच झाला.

मामा : शोधायचे पैसे नाहीत?

मी : बदलायचे आहेत.

मामा : मग तो मुलगा बरोबर वागला. सुटे भाग बदलणारा. मी असतो तर मीही…

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथे आहे, ४८ व्होल्टमध्ये नाही. इथे मामांची बाजू मला पटते : ती यंत्रणा वाईट नाही. भारतातही ती आता नवलाईची राहिलेली नाही. मारुतीने २०१५ साली सियाझमध्ये तिची १२ व्होल्टची धाकटी बहीण आणली, एमजी हेक्टरमध्ये २०१९ साली ४८ व्होल्ट आले, २०२५ साली फॉर्च्युनरमध्ये आले. पण दोष शोधण्याचं काम फुकटचं आणि भाग बदलण्याचं काम पैशाचं, अशा दुकानात दोन बॅटऱ्या, एक कन्व्हर्टर आणि एक मोटर असलेली गाडी नेली, की संशयित वाढतात आणि तपास तेवढाच राहतो. पूर्वी बदलायला तीन गोष्टी होत्या. आता सात आहेत, त्यातल्या दोन हजारो डॉलरच्या.

मामा हे मानत नाहीत. त्यांच्या मते पगार कसाही असो, हातात मीटर असलेल्या माणसाला मोजल्याशिवाय झोप लागू नये. मी म्हणतो, ती झोप तुम्हाला महामंडळाच्या पगारावर उडवता येत होती. यावर मामी म्हणाल्या की निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ह्यांना झोप लागतेच कुठे.

गाडी तीन आठवडे उत्तम चालली. मग एका सकाळी, ट्रेलर नसताना, एसी नसताना, तो पिवळा संदेश एकदा आला आणि दोन मिनिटांत गेला. मी लगेच मामांना हाक मारली. ते चपला घालेपर्यंत दिवा विझला होता. सगळे आकडे बरोबर आले : ६०.१, १४.२, १४.१, ०.०५.

मी : आता?

मामा : आता माहीत नाही.

मी : म्हणजे मूळ दोष वेगळाच असू शकतो.

मामा : असू शकतो. दोन दोषही असू शकतात. अर्थेचा होता, तो मी डोळ्यांनी पाहिला. दुसरा असेल तर दिसला की सांगेन.

त्या रात्री मी राज्याच्या मोटार वाहन खात्याकडे ३५ डॉलर भरून अर्ज केला. ३७ दिवस, तीन दुरुस्त्या, हॅचबॅकचा फोटो, सगळं जोडलं. मामांच्या आकड्यांचा कागद जोडायचा की नाही यावर मध्यरात्रीपर्यंत वाद झाला, कारण त्याच कागदाच्या खालच्या ओळीत तिसऱ्या कडीची हकिकत आहे आणि बाहेरून बसवलेल्या भागांचे दोष त्या कायद्यात बसत नाहीत. मी म्हटलं, वरचा अर्धा जोडू. मामा म्हणाले, “जोडायचा तर अख्खा जोड. नाहीतर माझी वही मला परत दे.”

अख्खा जोडला. कागद मराठीत आहे, म्हणून खाली इंग्रजी भाषांतर दिलंय. ‘अर्थ लागत नाही’ याचं भाषांतर करताना मला बराच वेळ लागला. मामांचं परतीचं विमान १४ नोव्हेंबरचं आहे. सुनावणीची तारीख अजून आलेली नाही.